मावा दिसत नाही, मग व्हायरस आणतंय कोण?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: काकडी आणि दुधी भोपळ्याच्या प्लॉटमध्ये पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उमटलेत, शेंडे आखडलेत, फळं वेडीवाकडी येताहेत. दर चार-पाच दिवसांनी कीटकनाशकाची फवारणी चालू आहे. पानं उलटून पाहिली तर मावा जवळजवळ नाहीच. तरी दर आठवड्याला नवी झाडं धरली जातात. औषध बनावट आहे का? व्हायरस हवेतून येतोय का? आणि शेजारच्या टोमॅटोलाही हेच लागेल का?

औषध बहुधा खरं आहे आणि ते किडे मारतंयही. गोची अशी की ज्या किड्यानं तुमच्या झाडाला व्हायरस दिला, तो तुमच्याकडे राहायला आलेलाच नव्हता. तो उतरला, दोन-चार पानांना सोंड लावून पाहिली, हे आपलं झाड नाही असं कळलं आणि पुढे गेला. तुम्ही पानाखाली भाडेकरू शोधताय, रोग देऊन गेला तो वाटसरू.

हवेचा मुद्दा आधी निकालात काढू. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात, जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात. विषाणूला ही सोय नाही. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती भिंत असते आणि ती स्वतःहून ओलांडणं त्याला जमत नाही. कुणीतरी ती भेदून त्याला आत सोडावं लागतं, आणि तेही पेशी जिवंत राहील इतक्या हलक्या हातानं, कारण मेलेल्या पेशीत विषाणू वाढू शकत नाही. पान कुरतडणारी अळी भगदाड पाडते, त्यात पेशीच मरतात. मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांची सोंड मात्र केसाहून बारीक सुईसारखी असते. पेशीला कळू न देता आतबाहेर करावं तर त्यांनीच. म्हणून भाजीपाल्यातले बहुतेक वाहक रस शोषणारे आहेत. वारा फार तर या वाहकांना उचलून आणतो. पंखवाला मावा उडण्यात तसा कच्चाच, वाऱ्याच्या जोरावरच तो लांब जातो.

आता तो उतरल्यावर काय करतो ते पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या एका मिनिटात आहे. उडत्या माव्याला वरून पिवळट-हिरवा रंग दिसतो, खालच्या मातीपेक्षा तो वेगळा दिसतो, एवढ्यावर तो उतरतो. हे झाड काकडीचं की कोबीचं, ते त्याला प्रामुख्यानं चवीवरून कळतं. पानाच्या अगदी वरच्या थरातल्या एखाद्या पेशीत सोंडेचं टोक घालायचं, किंचितसा रस ओढायचा, लाळ सोडायची, सोंड काढायची. सगळा कारभार काही सेकंदांचा, फार तर मिनिटभराचा. झाड रोगट असेल तर विषाणूचे कण सोंडेच्या टोकाला आतून चिकटतात. पुढच्या झाडावर चव घेताना लाळेबरोबर सुटतात. झाली लागण.

इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. जास्त वेळ रस पिणारा मावा जास्त रोग पसरवत असेल असं वाटतं. या प्रकारच्या विषाणूंत सोंड अन्नवाहिनीपर्यंत घालून तासन्‌तास बसलेला मावा कमी धोक्याचा असतो. माव्याला आधी उपाशी ठेवून मग थोडा वेळ रोगट पानावर सोडलं तर तो अधिक लागण करतो, हे मॅरियन वॉटसन यांनी १९३० च्या दशकात दाखवलं. आणि उडून आलेला मावा उपाशीच असतो. पुढे १९३९ मध्ये वॉटसन आणि रॉबर्ट्स यांनी विषाणूंचे दोन गट मांडले: वाहकाकडे थोडाच वेळ टिकणारे आणि दीर्घकाळ टिकणारे. मधला एक गट नंतर त्यात आला. पण प्लॉटमध्ये उभं राहून फवारायचं की नाही हे ठरवताना मला आजही या जुन्या विभागणीइतकं कामाचं दुसरं काही सापडलेलं नाही.

वेलवर्गीय भाज्यांत मोझॅक, म्हणजे पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, आणणारे नेहमीचे विषाणू, म्हणजे कुकुंबर मोझॅक, झुकिनी यलो मोझॅक, वॉटरमेलन मोझॅक, पपया रिंगस्पॉट, हे सगळे पहिल्या गटातले. माव्याच्या सोंडेवर ते काही मिनिटं ते काही तास राहतात, तो कात टाकतो तेव्हा कातेबरोबर जातात. एकट्या कुकुंबर मोझॅक व्हायरसला १,००० हून जास्त जातींची झाडं चालतात आणि माव्याच्या ८० हून जास्त जाती तो वाहून नेतात. त्यांतल्या कितीतरी जाती काकडीवर कधीच संसार थाटत नाहीत. मग पान उलटून पाहिल्यावर त्या दिसणार कशा?

यात एक बारीक गंमत आहे. कुकुंबर मोझॅकचा कण आपल्या बाहेरच्या आवरणानंच सोंडेला चिकटतो. झुकिनी यलो मोझॅक आणि त्याच्या भाऊबंदांना मात्र ते एकट्यानं जमत नाही. रोगट झाडात तयार होणारं एक मदतनीस प्रथिन मध्ये दुव्यासारखं बसतं, एका बाजूनं सोंड धरतं, दुसऱ्या बाजूनं विषाणू. हा दुवा जुळला नाही तर मावा कितीही रस प्यायला तरी लागण शून्य.

त्याहून मोठी गंमत झाडाच्या बाजूला आहे. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या केरी मॉक आणि सहकाऱ्यांनी भोपळावर्गीय झाडांवर पाहिलं की कुकुंबर मोझॅक झालेलं झाड निरोगी झाडासारखाच, पण अधिक तीव्र गंध सोडतं. मावा त्याकडे ओढला जातो. चव घेतल्यावर मात्र झाड निकस निघतं, म्हणून तो लवकर पुढे निघून जातो. पाहुण्याला आग्रहानं बोलवायचं आणि पानात काही वाढायचं नाही, असा प्रकार. सेकंदांत उचलला जाणाऱ्या विषाणूला याहून सोयीचं काय असणार? बटाट्याच्या पानं वळण्याच्या विषाणूत, जिथे लागणीसाठी माव्यानं बराच वेळ बसणं गरजेचं असतं, तिथे चित्र उलट दिसतं: रोगट झाडावर मावा अधिक रमतो.

आता फवारणीकडे. कितीही जलद औषध घेतलं तरी मावा मरायला काही मिनिटं ते काही तास जातात आणि त्याचं काम मिनिटभरात उरकलेलं असतं. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं औषध तर रस पोटात गेल्यावर काम करतं. नुसती चव घेऊन उडणाऱ्याच्या पोटात ते पुरेसं जातच नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली काही औषधं माव्याला अस्वस्थ करतात. बिथरलेला मावा एका जागी बसत नाही, जास्त झाडांवर फिरतो. वर ढालकिडे आणि क्रायसोपा हे माव्याला खाणारे मित्रकिडे मरतात ते वेगळंच. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका भोपळ्याच्या प्लॉटला आठवड्यात दोन फवारण्या सांगितल्या होत्या. मावा संपला, मोझॅक संपला नाही, आणि शेजारच्या न फवारलेल्या प्लॉटइतकाच रोग दिसल्यावर मला शेतकऱ्याला तोंड दाखवायची लाज वाटली. एक अपवाद सांगतो, नाहीतर अन्याय होईल: प्लॉटमध्येच माव्याची वस्ती झाली असेल, पानं चिकट होऊन मुंग्या फिरत असतील, तर गर्दी झाल्यावर पंखवाला मावा तयार होतो आणि झाडाझाडांवर जातो. ती वस्ती मोडण्यासाठी फवारणीला अर्थ आहे. तुमच्याकडे तशी वस्ती दिसत नाही.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. लागण झाल्यापासून वेलवर्गीय पिकात चट्टे दिसायला साधारण आठवडा-दीड आठवडा जातो. आज दिसलेलं नवं झाड म्हणजे आज झालेली लागण नव्हे. त्यामुळे परवाच्या फवारणीचा गुण आला की नाही, हे आजच्या पानांवरून ठरवणं चुकीचंच.

मग काय चालतं? वाटसरूला उतरूच न देणं. वाफ्यावर अंथरलेला चंदेरी मल्चिंग पेपर आकाशाचा उजेड परत फेकतो, त्यानं उडत्या माव्याची दिशाभूल होते आणि उतरणाऱ्यांची संख्या घटते. हा उपाय लावणीच्या दिवसापासूनच हवा, आणि वेल पसरून निम्म्याहून जास्त पेपर झाकला गेला की त्याचा जोर ओसरतो. पण तोवर पिकाचं नाजूक वय निघून गेलेलं असतं आणि तेच हवं असतं. फुलोऱ्याआधी झालेली लागण पीक खाते, तोडे सुरू झाल्यावर झालेली लागण त्या मानानं सोसवते. क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर टाकायचं पातळ आच्छादन, त्याहून खात्रीचं, फक्त मादी फुलं उमलू लागली की मधमाश्यांसाठी ते काढावंच लागतं. विसरलात तर व्हायरस नाही आणि काकडीही नाही.

दुसरा उपाय खनिज तेलाचा. पानावर तेलाचा पातळ थर असेल तर विषाणूचं सोंडेवर टिकणं आणि तिथून सुटणं बिघडतं. माव्यानं चव घेतली तरी लागण कमी होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे माहीत आहे आणि बटाट्याच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये ते नेमानं वापरलं जातं. अट एकच: नवीन फुटलेल्या पानावर तेल नसतं, म्हणून फवारणी आठवड्याच्या अंतरानं आणि पानाच्या दोन्ही बाजूंना व्हावी लागते. लेबलवरचं प्रमाण ओलांडू नका, कडक उन्हात मारू नका आणि गंधकाच्या फवारणीच्या आगेमागे तर मुळीच नको, पानं करपतात.

तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात किड्याचीच सवय त्याच्याविरुद्ध वापरली जाते. प्लॉटभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी, भाजीच्या लावणीआधी तीन-चार आठवडे पेरलेल्या. येणारा मावा पुष्कळदा कडेच्या उंच हिरव्या भिंतीवर आधी उतरतो, तिथे दोन-तीनदा चव घेतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. काकडीतला मोझॅक झुकिनी यलो प्रकारचा असेल तर तो मक्याला लागतच नाही. बाहेरून रोगाचा फार मोठा साठा जवळ असेल तर मात्र ही भिंत अपुरी पडते.

साठ्याचा शोध घ्या: संपत आलेला जुना वेलवर्गीय प्लॉट, बांधावरचं तण, कुंपणावर आपोआप उगवलेला भोपळा. टप्प्याटप्प्यानं लावण करणाऱ्यांचा घात इथेच होतो. जुना प्लॉट शेवटच्या दोन तोड्यांसाठी उभा, त्याला लागून नवीन रोपं. माव्याला दोन वाफे ओलांडायचे असतात, बस्स. कधी साठा बियाण्यातूनच येतो. लेट्यूसच्या मोझॅकचं उदाहरण यात नमुनेदार आहे. तो विषाणू बियाण्यातून थोड्याच रोपांत उतरतो, पण उतरला की तिथून मावा तो सगळीकडे नेतो. म्हणून कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात ३०,००० बियांच्या नमुन्यात एकही बाधित बी नको, असा निकष लावला गेला. हजारात एक रोपटं म्हणजे नगण्य असं आपल्याला वाटतं. माव्याला तेवढं पुरतं.

आता तुमच्या टोमॅटोबद्दल. काकडीत कुकुंबर मोझॅक असेल तर तो टोमॅटोत जाऊ शकतो. पानं दोरीसारखी अरुंद होतात. झुकिनी यलो मोझॅक असेल तर टोमॅटोला त्याची चिंता नाही. नुसत्या डोळ्यांनी हे दोन ओळखू येत नाहीत, मलाही नाही. स्ट्रिप टेस्ट (शेतातच पट्टीवर विषाणू ओळखायची चाचणी) मिळत असेल तर करा, नाहीतर नमुना प्रयोगशाळेत द्या.

टोमॅटोत पानं वर वळून लहान, पिवळट होणं आणि झाड खुरटणं, हा लीफ कर्ल आणि त्याचा वाहक वेगळा: पांढरी माशी. इथे वरचा सगळा हिशेब पालटतो. माशीला अन्नवाहिनीपर्यंत सोंड घालून दहा-वीस मिनिटं तरी प्यावं लागतं. विषाणू तिच्या आतड्यातून रक्तद्रवात आणि तिथून लाळग्रंथीत पोचायला साधारण आठ तास घेतो, त्याआधी ती लागण करू शकत नाही. एकदा पोचला की मात्र ती आठवडेच्या आठवडे, बहुतेकदा मरेपर्यंत रोग वाटत फिरते. कात टाकली तरी तो जात नाही. भेंडीचा हळद्या, म्हणजे यलो व्हेन मोझॅक, याच पठडीतला.

मिनिटांऐवजी तास लागत असल्यामुळे इथे आंतरप्रवाही औषधाला संधी मिळते. प्लॉटमधल्या प्लॉटमध्ये होणारा प्रसार त्यानं रोखता येतो. बाहेरून आधीच विषाणू घेऊन आलेली माशी मात्र मरायच्या आत अर्ध्या तासात लागण करून टाकते. म्हणून खरी लढाई रोपवाटिकेत लढली पाहिजे. रोपं ५० मेशच्या (इंचाला ५० छिद्रं) जाळीत, दाराला दुहेरी पडदा, आणि आत गेल्यावर पडदा लावण्याची शिस्त. जाळी उत्तम आणि दार दिवसभर उघडं, अशा रोपवाटिका मी इतक्या पाहिल्यात की आता आधी दारच बघतो. लीफ कर्लची लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे रोपवाटिकेत लागण झालेलं रोप हिरवंगार दिसतं आणि तुम्ही ते हौसेनं लावता. पिवळे चिकट सापळे माशी आली हे सांगायला चांगले, माशी संपवायला पुरेसे नाहीत. लावणीनंतर पहिल्या महिन्यात रोगट रोप दिसलं की आधी फवारा, मग पिशवीत घालूनच उपटा. हातात धरून हलवत बांधापर्यंत नेलं तर वाटेत माश्या उडून शेजारच्या झाडांवर बसतात.

टाय-१, टाय-२, टाय-३ अशी जनुकं रानटी टोमॅटोतून आणलेले वाण घ्या, जरूर घ्या. पण ‘प्रतिकारक’ याचा अर्थ बहुधा ‘सोसणारा’ असा असतो. त्या झाडातही विषाणू कमी प्रमाणात राहू शकतो आणि माशी तो उचलू शकते. एकट्यादुकट्याच्या उपायांची मर्यादा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये दिसली: १९९० च्या दशकात यलो लीफ कर्लनं तिथला टोमॅटो धुळीला मिळवला, तेव्हा सगळ्यांनी मिळून वर्षातले तीन महिने पांढऱ्या माशीला पोसणारी पिकं न लावण्याचा नियम केला. साठाच तुटला आणि टोमॅटो सावरला. शेजाऱ्यांशी बोलणं हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

फुलकिड्यांची (थ्रिप्सची) तऱ्हा तिसरीच. टोमॅटो आणि मिरचीतला स्पॉटेड विल्ट, पानांवर तांबूस-काळे ठिपके, फळावर कडी-कडी, तो फुलकिड्यांनी येतो. हा रोग ऑस्ट्रेलियात १९१५ मध्ये पहिल्यांदा दिसला आणि तो फुलकिडे पसरवतात हे १९२७ मध्ये दाखवलं गेलं. मेख अशी की विषाणू फक्त पिलांच्या वयातच घ्यावा लागतो. मोठ्या झालेल्या फुलकिड्यानं रोगट पान कितीही खरवडलं तरी तो पुढे काही देऊ शकत नाही. पिलू असताना घेतलेला विषाणू मात्र त्याच्या अंगात चक्क वाढतो, आणि पंख फुटल्यावर तो जन्मभर रोग वाटतो. आईकडून अंड्यात तो उतरत नाही, म्हणजे प्रत्येक पिढीला रोगट झाडावरच जन्मावं लागतं. याचा अर्थ सरळ आहे: ज्या झाडावर फुलकिड्यांची पिलं वाढतात आणि ज्यात विषाणूही आहे, तेच झाड कारखाना. तो बहुधा बांधावरच्या फुलणाऱ्या तणात असतो. पिलं मोठी होऊन मातीत उतरतात आणि तिथे कोषावस्थेत जातात. तिथवर पानावरची फवारणी पोचत नाही. निळे सापळे लावून पाळत ठेवा, तण फुलायच्या आत काढा. जाळीबद्दल सांगायचं तर ५० मेशमधून फुलकिडा आरामात जातो.

भुंगेऱ्यांनी पसरणारे विषाणू आहेत, स्क्वॉश मोझॅक त्यातला एक. भुंगेरे खाताना तोंडातून ओकलेल्या रसाबरोबर तो सोडतात. तुडतुडे बीटमधला कर्ली टॉप टोमॅटोत नेतात. वांग्यातला पर्णगुच्छही तुडतुडेच आणतात, पण तो विषाणू नाही, फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभिंत नसलेला जिवाणू आहे. १९६७ पर्यंत जगभर अशा रोगांना विषाणूच समजत होते.

व्हायरस समजून फसगत होते ती मिरचीत. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर आधी फुलकिडे पाहा, खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी (डोळ्यांना जेमतेम दिसणारी, रस शोषणारी कीड). दोन्हींत नुसत्या शोषण्यानं असं होतं आणि किडीचा बंदोबस्त झाला की नवा शेंडा सरळ येतो. शिरा जाड होऊन नवा शेंडाही आखडलेलाच राहिला तर व्हायरसचा संशय घ्या. आणि टोमॅटोतले तंबाखू मोझॅकच्या कुळातले विषाणू मुख्यतः हातानं, कात्रीनं, बांधणीच्या सुतळीनं पसरतात. तिथे कीटकनाशक म्हणजे शुद्ध उधळपट्टी. साबणानं हात धुणं उपयोगी.

तर तुमच्या प्लॉटमध्ये या आठवड्यात: कीटकनाशक थांबवा. जी झाडं फुलोऱ्याआधीच धरली गेलीत आणि थोडी आहेत, ती काढा. निम्म्याहून जास्त प्लॉट धरला असेल तर उपटत बसण्यात अर्थ नाही, मिळतील तेवढे तोडे घ्या. निरोगी उरलेल्या भागावर तेल चालू करा. बांधावरचं तण आणि आपोआप उगवलेले वेल काढा. टोमॅटोत पान उलटून पांढरी माशी आणि तिची चिकटून बसलेली पिलं मोजा, सापळ्यांवरचा आकडा दर दोन दिवसांनी लिहून ठेवा. पुढची काकडी लावायची असेल तर मक्याच्या ओळी आत्ताच पेरा, चंदेरी पेपर आणून ठेवा, जागा या प्लॉटपासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला निवडा. रोपं मात्र हा प्लॉट मुळासकट काढून झाल्यावरच लावा, शेवटचा एक तोडा बुडाला तरी.